भूमिका उरली, कथा ओसरली : रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममधील कथनाचे बदलते स्थान

प्रस्तावना :
गण, गवळण, बतावणी आणि लावणी यांच्यानंतर तमाशात वग उभा राहतो. वगाचे कथानक ठरलेले असले, तरी संवाद पुष्कळदा नटांच्या हजरजबाबीपणातून घडतात. सोंग घेणारा कथेत केवळ वावरत नाही, तो तिला वळणही देतो. पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगाव येथे, यात्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या लागतात व गावोगावचे कारभारी तेथे सुपारी ठरवतात. त्यामुळे सोंग आणि कथा यांचे हे नाते या परिसराला परिचित आहे. रोल-प्लेइंग गेम हा प्रकारही याच नात्यावर उभा आहे. या प्रकारात कथनाचे स्थान का घटले, याचा विचार प्रस्तुत लेखात ‘फॉलआउट’ या अमेरिकन गेममालिकेच्या आधारे केला आहे.

कथेतील खेळाडू :
या प्रकाराचे मूळ १९७४ मधील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळात आहे. त्यात एक सूत्रधार प्रसंग सांगतो, इतर खेळाडू पात्रे होऊन उत्तर देतात आणि त्या उत्तरांतून कथा पुढे सरकते. १९९७ च्या पहिल्या ‘फॉलआउट’ने हे तत्त्व संगणकावर समर्थपणे आणले. अणुयुद्धानंतरच्या जगात नायक आपल्या भुयारी वसाहतीसाठी पाण्याच्या यंत्राचा सुटा भाग शोधत निघतो. अखेरच्या प्रतिस्पर्ध्याला शस्त्राने हरवता येते. त्याने घडवलेली नवी मानवजात वंध्य आहे हे पुराव्यानिशी पटवून संवादानेही नमवता येते. खेळ संपल्यावर खेळाडूच्या निर्णयांनुसार वस्त्यांचे भवितव्य सांगितले जाते. येथे भूमिका आणि कथा वेगळ्या काढता येत नाहीत.

कथेचे अवशेष :
२०१५ च्या ‘फॉलआउट ४’मध्ये नायकाला ध्वनिमुद्रित आवाज मिळाला, परंतु प्रत्येक संभाषणात बहुधा चारच त्रोटक पर्याय उरले. २०१८ च्या ‘फॉलआउट ७६’मध्ये अनेक खेळाडू एकाच ऑनलाइन जगात वावरू लागले. प्रकाशनसमयी या जगात खेळाडूंखेरीज एकही जिवंत मानवी पात्र नव्हते. मृतांच्या ध्वनिफिती, चिठ्ठ्या आणि यंत्रमानव यांच्याद्वारे कथा कळत असे. तेथे कथेचा अभाव नव्हता, मात्र ती घडून गेलेली होती. खेळाडू तिचा साक्षीदार झाला, कर्ता राहिला नाही.

याचे कारण रचनेत आहे. सामायिक आणि अखंड चालणाऱ्या जगात एकाने जाळलेले गाव दुसऱ्यासाठी उभे ठेवावे लागते. परिणाम टिकू शकत नसेल, तर निर्णयाला अर्थ उरत नाही. खेळाडू परस्परांत आपल्या कथा घडवतात, असा युक्तिवाद यावर केला जातो. त्यात तथ्य आहे; तथापि अशा जगात प्रसंग घडतात, त्यांची परिणती मात्र क्वचितच टिकते.

वगाची अवस्थाही अशीच झाली. सिनेगीतांवरील नृत्ये वाढली, तसा वग आखडला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर निर्बंध आणले आणि वग अखेरीस येत असल्याने कात्री प्रथम त्यालाच लागली. कथा कोणी नाकारली नव्हती, तिला लागणारी जागा आणि वेळ इतरांना दिला गेला.

निष्कर्ष :
हा ऱ्हास अटळ नाही. २०२० मध्ये ‘फॉलआउट ७६’मध्ये मानवी पात्रे व संवादातील निवड परत आणावी लागली. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये चार जण एकत्र खेळू शकतात, तरीही त्यांचे निर्णय कथा बदलतात, कारण त्या खेळाला शेवट आहे. दोष अनेक खेळाडूंचा नसून न संपणाऱ्या खेळाचा आहे, असे यावरून म्हणता येते. वगाप्रमाणेच अशा खेळाचेही मोल सोंग घेणाऱ्याच्या शब्दाने पुढचे काही बदलते की नाही, यावरच ठरते.