काळाच्या अंतासाठी चार वाद्ये

ओलिव्हिए मेसियां (१९०८–१९९२) या फ्रेंच संगीतकाराच्या ‘काळाच्या अंतासाठी चतुष्टय’ या रचनेविषयी आपल्या कानी जे आलेले असते, ते बहुधा तिच्या जन्मकथेपुरतेच असते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडलेला एक सैनिक, ग्योर्लिट्झ येथील युद्धकैद्यांची छावणी, कडाक्याचा हिवाळा, आणि १५ जानेवारी १९४१ रोजी कैद्यांपुढे झालेला पहिला प्रयोग. कथा हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. पुढे खुद्द मेसियांनीच तिच्यात भर घातली : श्रोते पाच हजार होते, चेलोला तीनच तारा होत्या. चेलो वाजविणारे एत्येन पास्किए मात्र तारा चारही होत्या असेच सांगत राहिले, आणि त्या बराकीत काहीशे माणसांहून अधिक मावणे शक्य नव्हते. चमत्काराची हौस आपल्या समाजाला नवी नाही. पण तिच्यापायी मूळ वस्तूकडे दुर्लक्ष होते. या रचनेतला खरा चमत्कार लयीत आहे, आणि तो ऐकण्यासाठी तुटक्या तारेची गरज नाही.

वाद्यांची निवड परिस्थितीनेच केली. क्लॅरिनेटवादक आंरी आकोका, व्हायोलिनवादक झां ल बुलेर आणि पास्किए हे तिघे त्याच छावणीत होते; पियानोवर मेसियां स्वतः बसले. आकोका धर्माने यहुदी होते, हे आपण विसरू नये. कागद, पेन्सिली आणि निवांत जागा मिळवून देणारा कार्ल-आल्बेर्ट ब्र्यूल हा जर्मन पहारेकरी होता. अशा हातांतून ही ख्रिस्ती रचना उभी राहिली.

तिचा आधार प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायात आहे. मेघ पांघरलेला, मस्तकी इंद्रधनुष्य असलेला देवदूत एक पाय समुद्रावर व एक भूमीवर ठेवून हात उंचावतो आणि यापुढे काळ उरणार नाही अशी शपथ वाहतो. आजचे भाषांतरकार येथे केवळ ‘विलंब’ असा अर्थ घेतात. मेसियांनी शब्दशः ‘काळ’च घेतला. मराठीत ‘काळ’ म्हणजे मृत्यूही, त्यामुळे आपल्याला शीर्षक ऐकताच जगबुडी आठवते. पण १९३१ पासून अखेरपर्यंत पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गन वाजविणाऱ्या या भाविकाच्या मनात दुसरेच काही होते. पावलांनी, घड्याळाने, लष्करी ढोलाने मोजला जाणारा काळ संपावा आणि ज्याला मोजमाप नाही ते अनंतत्व ऐकू यावे, ही त्यांची आकांक्षा. म्हणूनच या रचनेचे भाग आठ आहेत : निर्मितीचे सहा दिवस, सातवा विश्रांतीचा, आणि तो विस्तारत जाऊन आठवा, न मावळणाऱ्या प्रकाशाचा.

आकांक्षा कोणीही बाळगावी; प्रश्न असा की ती स्वरांत उतरते का. पहिल्या भागातच याचे उत्तर मिळते. पहाटेची तीन-चारची वेळ आहे. क्लॅरिनेट आणि व्हायोलिन दोन पक्ष्यांसारखी बोलतात. त्यांच्याखाली पियानो सतरा मात्रामूल्यांचा एक लयबंध फिरवीत राहतो; मात्र त्यावर बसविलेले स्वरगुच्छ एकोणतीस आहेत. दोन्ही चक्रे एकाच वेळी पुन्हा आरंभाशी यायची तर सतरा गुणिले एकोणतीस, म्हणजे ४९३ स्वरगुच्छ वाजावे लागतील. हा भाग त्याच्या कितीतरी आधी थांबतो. आपल्या भाषेत सांगायचे तर येथे सम येतच नाही. भजनाला बसलेला मराठी कान समेची वाट पाहतो आणि ती आली की मान डोलावतो; मेसियां आपल्याला वाट पाहायला लावतात आणि ती वाट संपू देत नाहीत. अनंतकाळाची याहून नेमकी खूण वाद्यांनी क्वचितच केली असेल.

या सतरा मूल्यांचा उगम आपल्याला जवळचा आहे. रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन देशी तालांतून ती घडली आहेत. हे ताल तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद. तेथील ग्रंथातले ताल एका कॅथलिक कैद्याच्या रचनेत यावेत, याचा आनंद वाटतो. पण त्याने फुशारून जाऊ नये. मेसियांना ते एका फ्रेंच संगीतकोशातल्या छापील तक्त्यात सापडले होते. हातावर टाळी देऊन ताल धरणाऱ्या गुरूपाशी ते बसले नव्हते. त्यामुळे आपल्या कानाला यात ओळखीचे काहीच लागत नाही. ताल आवर्तनासाठी असतो; त्यांनी तो आवर्तन मोडण्यासाठी वापरला.

तिसरा भाग एकट्या क्लॅरिनेटचा. लग्नाच्या बँडमुळे आपल्याकडे हे वाद्य उत्सवी मानले जाते. येथे ते एका खोल दरीच्या काठावर उभे आहे. जवळजवळ ऐकू न येणारा एक स्वर फुगत फुगत असह्य होईपर्यंत वाढतो. दरी म्हणजे काळ, त्याचा थकवा, त्याची खिन्नता. त्यावर पक्षी उडतात. सहाव्या भागात चारही वाद्ये अगदी एकच सुरावट वाजवितात, सोबतीला एकही वेगळा स्वर नाही. सात कर्ण्यांचा तो कोप ऐकताना चौघेच वाजवीत आहेत हे खरे वाटत नाही. चौथा भाग हलकाफुलका आहे. सातव्यात मात्र आधीच्या गोष्टी इतक्या दाटीने येतात की इंद्रधनुष्यांचा गुंता, हे त्याचे नाव, टीका म्हणूनही चालावे.

उरतात दोन स्तुतिगीते, पाचवे आणि आठवे. दोन्हींचे मूळ छावणीपूर्वीचे. पाचव्याची सुरावट १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या कारंज्यांसाठी रचलेल्या संगीतातून आली, आठव्याची १९३० च्या एका ऑर्गनरचनेतून. जुनी पाने पुन्हा वापरली म्हणून, आणि ती फार गोड आहेत म्हणून काही समीक्षक नाके मुरडतात. मला पाचव्याबाबत हा आक्षेप मुळीच मान्य नाही. पहिल्या भागात समेला चकविणारे मेसियां येथे उलट वाट धरतात. पियानोचे स्वरगुच्छ घड्याळाच्या ठोक्यांसारखे समान आहेत, पण इतके संथ, की मोजणारा मोजणेच सोडून देतो. ‘अमर्याद संथ’ अशी सूचना आहे. चेलोवादकाचा गज पुरत नाही म्हणून अनेक जण येथे घाई करतात आणि मग खरोखरच गोड गाणे उरते. आदिपासून असलेल्या शब्दाची ही स्तुती आहे. तिला घाई सोसत नाही.

आठवे गीत देहधारी, पुनरुत्थित येशूचे. व्हायोलिन आणि पियानो, रचना तीच, आणि म्हणूनच ते पाचव्याच्या उंचीला पोहोचत नाही असे माझे मत. पियानोतली ऱ्हस्व-दीर्घ अशी जोडी हृदयाच्या ठोक्यासारखी अखेरपर्यंत चालते, म्हणजे मोजता येणारा काळ अजून संपलेला नाही. व्हायोलिन मात्र त्याला मागे टाकून वर वर जाते, गजाखाली आवाज जवळजवळ उरत नाही तोवर.