राखीव रायफलीचा आग्रह : एक चिकित्सा

स्पर्धात्मक नेमबाजाकडे राखीव रायफल असलीच पाहिजे, हा आग्रह तपासून पाहणे आवश्यक आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या १० मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीनंतर त्याच पिस्तुलाने त्यांनी ५७५ गुण मिळविले. अंतिम फेरी अवघ्या दोन गुणांनी हुकली. पिस्तूल असो वा रायफल, पकड, ट्रिगरचा दाब व साईट यांची नेमबाजाशी जुळणी सरावानेच होते. सरावाविना पेटीत पडून राहिलेली दुसरी रायफल हा केवळ मानसिक दिलासा ठरतो. म्हणूनच मर्यादित क्रीडानिधी असलेल्या महाविद्यालयांनी प्रथम सुटे भाग, देखभाल व पुरेसे छर्रे यांची तरतूद करणे अधिक सयुक्तिक होय.