घटक आणि घडण : लवचीक सिलिका एरोजेलवरील संशोधनाचे परीक्षण

प्रस्तावना
सेंद्रिय गट व सिलिका यांच्या संकरित पदार्थांचे गुणधर्म घटकांवर अवलंबून असतात, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील ए. वेंकटेश्वर राव व सहकारी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले लवचीक एरोजेलवरील संशोधन या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

विवेचन
नेहमीच्या सिलिका एरोजेलमध्ये सिलिकॉनचा अणू ऑक्सिजनमार्फत चार शेजाऱ्यांशी जोडला जाऊ शकतो. म्हणून जाळे ताठर व ठिसूळ होते. प्रस्तुत संशोधनात मिथाइलट्रायमिथॉक्सिसिलेन वापरले आहे. त्यातील मिथाइल गट अभिक्रियेत भाग घेत नसल्याने तीनच जोडण्या शक्य होतात. त्यामुळे जाळे सैल राहते व पदार्थ जलरोधक होतो. हे श्रेय घटकाचे.

परंतु मिथेनॉल व सिलेन यांचे मोल-गुणोत्तर १४ वरून ३५ पर्यंत वाढविले असता घनता दर घनमीटरला सुमारे १०० वरून ४० किलोग्रॅमपर्यंत उतरली आणि लवचीकता वाढली. मिथेनॉल हे द्रावक शेवटी काढून टाकले जाते; घन पदार्थाचे घटक मूलतः तेच राहतात. बदलते ती घडण. या संशोधनाचे मोल येथे आहे आणि मर्यादाही येथेच आहे. विरलता व साखळ्यांची जोडणी एकाच वेळी बदलत असल्याने लवचीकतेत कोणाचा वाटा किती, हे केवळ या मालिकेवरून ठरत नाही. त्यासाठी समान घनतेचे, पण भिन्न जोडणीचे नमुने तुलनेस हवेत.

स्थानिक संदर्भ
पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या ऊस पिकविणाऱ्या तालुक्यांतील महाविद्यालयांना हा विचार उपयुक्त आहे. उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका असते. तिचा अस्फटिकी भाग अल्कलीत सहज विरघळून सोडियम सिलिकेट देतो. मातीबरोबर आलेले क्वार्ट्झ मात्र सहजी विरघळत नाही. रासायनिक पृथक्करणात दोन्हींची नोंद सिलिका अशीच होते. शिवाय या सिलिकेटपासून केलेल्या जेलच्या पृष्ठभागावर मिथाइल गट बसविल्यास ते जलरोधक होईल. परंतु आतील जाळे चार जोडण्यांचेच असल्याने कोल्हापूरच्या नमुन्यांची लवचीकता त्यातून आपोआप येणार नाही.

निष्कर्ष
म्हणून राखेवरील प्रकल्प-अहवालात सिलिकेचे शेकडा प्रमाण देणे पुरेसे नाही. क्ष-किरण विवर्तन, घनता आणि शक्य तेथे सच्छिद्रता यांची नोंद सोबत हवी. त्याशिवाय गुणधर्माचे कारण सांगणारे विधान हे अनुमानच ठरते.