शब्दकोडें आणि प्रामाणिक दुर्बोधता

रसाला आड येणारी म्हणून प्रहेलिका हा अलंकारच नव्हे, असा निवाडा साहित्यदर्पणकार विश्वनाथानें देऊन टाकला, आणि कूटें, अंतर्लापिका, चित्रबंध इत्यादिकांना आमचे टीकाकार काव्याच्या अंगणाबाहेरच उभे करीत आले. हा निवाडा खोडून काढण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. कोड्यांत रस नसतो हें कोणीहि कबूल करील. परंतु ज्यांत रस नाहीं त्यांत विचार करण्याजोगें कांहींच नाहीं, असें त्यावरून ठरत नाहीं. इंग्लंडांत गेल्या शंभर वर्षांत ‘क्रिप्टिक क्रॉसवर्ड’ या नांवाचा जो गूढ शब्दकोड्याचा प्रकार वाढीस लागला, त्याच्या कर्त्यांनीं एका प्रश्नाचा इतका बारकाईनें विचार केला आहे कीं, तो साहित्याच्या अभ्यासकांनींहि लक्षांत घ्यावा. तो प्रश्न असा : लेखकानें वाचकाला चकवावें, पण त्याच्यावर अन्याय करूं नये, हें कसें साधावें?

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेंतला. २१ डिसेंबर १९१३ रोजीं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ पत्रांत आर्थर विन यांनीं पहिलें कोडें छापलें. त्यांत केवळ अर्थ देऊन शब्द विचारलेला असे, आणि आपल्याकडील वृत्तपत्रांतलीं बहुतेक कोडीं आजहि त्याच जातीचीं आहेत. हा खेळ इंग्लंडांत गेला आणि तेथें त्याचें रूप पालटलें. गूढ कोड्यांतील सूचकवाक्याला दोन अंगें असतात. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या भागांत त्या शब्दाच्या अक्षरांची घडण सांगितलेली असते. वाक्य वरून वाचलें तर तें तिसरेंच कांहीं बोलत असतें, आणि हा वरचा अर्थ म्हणजेच चकवा. अर्थ कोठें संपला व घडण कोठें सुरू झाली ती शीव सोडविणाऱ्यानें शोधावयाची.

इंग्रजी उदाहरणें देवनागरींत नीट उतरत नाहींत. म्हणून रीत समजावी एवढ्यापुरतीं कांहीं मराठी वाक्यें येथें रचून दाखवितों. कंसांतील आंकडा उत्तराच्या अक्षरांचा आहे.

‘राज उलटलें, म्हातारपण आलें (२).’ वरवर पाहातां ही एका पदच्युत संस्थानिकाची करुण कथा. वस्तुतः ‘राज’ या शब्दाचीं दोन अक्षरें उलट वाचावीं, म्हणजे ‘जरा’ होते, आणि जरा म्हणजे म्हातारपण. येथें ‘उलटलें’ ही आज्ञा आहे, वर्णन नव्हे.

‘नलाच्या पोटांत आणि— आश्चर्य! (३).’ वाक्य अर्धवट तुटलें आहे असें वाटतें. तें तुटलेलें नाहीं. ‘आणि’ म्हणजे ‘व’. तो ‘नल’ या शब्दाच्या पोटांत घातला कीं ‘नवल’ सिद्ध होतें. ज्या शब्दाकडे वाचक कधींच पाहात नाहीं, त्या उभयान्वयी अव्ययांतच येथें सगळी किल्ली ठेवलेली आहे.

‘गोंधळून विकता झाला काव्य (३).’ ‘विकता’ हीं अक्षरें गोंधळलीं, म्हणजे त्यांचा क्रम बिघडला, कीं ‘कविता’ झाली. गोंधळ कवीच्या मनांत नाहीं; तो अक्षरांत आहे.

या तीन वाक्यांवरून एक गोष्ट ध्यानांत यावी. प्रत्येकांत चकवा आहे, परंतु उत्तर हातीं आल्यावर वाक्यांतील प्रत्येक शब्दाचा हिशेब लागतो. उत्तर सांपडल्याचा आनंद क्षणाचा. तें दुसरें असूंच शकत नाहीं ही खात्री पटणें, हा खरा आनंद. उत्तर स्वतःच स्वतःची ग्वाही देतें. पुढच्या अंकाची वाट पाहावी लागत नाहीं.

ही शिस्त एका दिवसांत आली नाहीं. गूढ कोड्याचा पहिला मोठा कर्ता एडवर्ड पॉविस मॅथर्स. यानें १९२६ पासून १९३९ मध्यें मृत्यु येईपर्यंत लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रांत ‘टॉर्क्वेमाडा’ या नांवानें कोडीं रचलीं. टॉर्क्वेमाडा हा स्पेनमधील धर्मन्यायालयाचा कुप्रसिद्ध मुख्य; वाचकांचा छळ करण्याचा आपला अधिकार मॅथर्सनें नांवांतच जाहीर केला होता. हा गृहस्थ आपणांस अगदींच परका नाहीं. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चें ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ हें इंग्रजी स्वैर रूपांतर त्याचेंच, १९१९ मधलें. एकेका श्लोकांतून अर्थाचीं वलयें उठविणाऱ्या संस्कृत काव्याचा रसिक पुढें कोडीं रचूं लागला, हा योगायोग मला विचार करण्यासारखा वाटतो. १९३४ मध्यें त्यानें ‘केन्स जॉबोन’ नांवाची एक रहस्यकथाच कोडें म्हणून छापली : शंभर पानें, मुद्दाम क्रम मोडून दिलेलीं, तीं वाचकानें ओळीनें लावावीं आणि सहा खुनांतले मारेकरी व मृत ओळखावे.

मॅथर्सची कल्पकता अलोट होती. न्यायबुद्धि मात्र तितकी नव्हती. अमुक कवीची अमुक ओळ आठवली तरच उत्तर निघावें, अर्थाचें अंग पुष्कळदां गाळून टाकावें, अक्षरांची घडण अर्धवट सुचवावी, असा त्याचा खाक्या. अशा ठिकाणीं वाचक हरतो तो बुद्धीनें नव्हे; कर्त्याचें ग्रंथालय त्याच्या घरीं नाहीं म्हणून हरतो.

या मनमानीला आळा घातला तो दोन शाळामास्तरांनीं. वेल्स येथील कॅथीड्रल शाळेचे मुख्याध्यापक रिची हे ‘आफ्रीत’ या नांवानें कोडीं रचीत. आपल्या १९४९ मधील संग्रहांत त्यांनीं जें तत्त्व सांगितलें त्याचा भावार्थ असा कीं, कर्त्याच्या बोलण्याचा उघड अर्थ त्याच्या मनांत नसला तरी चालेल. पण जें मनांत आहे तें त्याच्या शब्दांत काटेकोरपणें असलेंच पाहिजे. डेरिक मॅक्नट हे ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेंत ग्रीक-लॅटिनचे अध्यापक. १९३९ मध्यें मॅथर्सची गादी त्यांच्याकडे आली, आणि ‘झिमेनीझ’ या दुसऱ्या एका धर्मन्यायाधीशाचें नांव घेऊन त्यांनीं १९७१ मध्यें मृत्यु येईपर्यंत ती चालविली. त्यांचा १९६६ मधील ग्रंथ हा या कलेचा व्याकरणग्रंथच होय. सूचकवाक्यांत अचूक अर्थ असावा, अक्षरांच्या घडणीची न्याय्य सूचना असावी, आणि या दोहोंपलीकडे एकहि शब्द नसावा, हें त्यांच्या पंथाचें सार.

तिसरी अट सर्वांत कठीण. एक उदाहरण घेऊं. ‘एक मळकें तळें, आंत दडलेलें फूल (३).’ ‘एक मळकें’ या दोन शब्दांच्या सांध्यावर क, म, ळ हीं अक्षरें लागोपाठ आलीं आहेत. ‘कमळ’ तेथें अक्षरशः दडलें आहे. शिवाय चिखलाच्या तळ्यांत कमळ असतेंच, म्हणून चित्रहि सुरेख उमटतें. परंतु झिमेनीझचा शिष्य येथें बोट ठेवील : ‘तळें’ हा शब्द उत्तराला काय देतो? कांहींच नाहीं, तो केवळ शोभेचा. ‘एक मळकें, आंत दडलेलें फूल’ एवढ्यावर भागतें. पहिलें वाक्य अधिक देखणें आहे, दुसरें अधिक सच्चें आहे. मला विचाराल तर मी दुसऱ्याच्या बाजूनें कौल देईन. कारण एकदां शोभेच्या शब्दाला वाट दिली कीं कोणता शब्द कामाचा व कोणता भरतीचा हें वाचकाला कळेनासें होतें, आणि त्याचा कर्त्यावरील विश्वासच उडतो. मात्र नियमांनीं अन्याय टळतो, चातुर्य उपजत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. नियम पाळून नीरस कोडीं रचणारे पुष्कळ झाले. मॅथर्सच्या अंगची वीज त्यांच्यांत नाहीं.

आमच्या जुन्या शास्त्रकारांना हा भेद ठाऊक नव्हता असें नाहीं. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत प्रहेलिका गणली. दंडीनें ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदांत तिचे सोळा प्रकार सांगितले, आणि क्रीडागोष्ठींतील विनोद, गर्दींत जाणत्यांशीं गुप्त बोलणें व इतरांस मोहांत पाडणें हे तिचे उपयोग दिले. त्याच्या यादींतली ‘समागता’, म्हणजे पदांच्या संधीनें अर्थ झांकणारी, ही आमच्या मळक्या तळ्यांतल्या कमळाची सख्खी बहीण नव्हे काय? ‘वंचिता’ ही दुसऱ्या अर्थानें रूढ असलेल्या शब्दानें फसविणारी. ‘फ्लॉवर’ या शब्दानें फूल न दाखवितां ‘वाहणारी’ म्हणजे नदी दाखविणें, ही इंग्रजी कोडेकारांची आवडती युक्ति हिच्यांतच मोडते. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पूर्वाचार्यांनीं सदोष प्रहेलिकांचे आणखी चौदा प्रकार सांगितले होते, असें दंडी नमूद करतो. म्हणजे कोडें चांगलें कीं वाईट याला कसोटी आहे, हें आमच्याकडे फार पूर्वीं मान्य झालेलें होतें. दुर्दैवानें त्या चौदांचें विवेचन करण्याच्या भरीला तो पडला नाहीं, आणि पुढील शास्त्रकारांनीं सबंध प्रकारच निकालांत काढला.

न्याय्य आणि अन्याय्य कोड्यांतील हा भेद केवळ रसिकांच्या गप्पांचा विषय राहिला नाहीं. आपल्या देशांत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्वातंत्र्याच्या आगेंमागें बक्षिसांच्या शब्दकोड्यांनीं मुंबई इलाख्यांत मोठाच धुमाकूळ घातला होता. त्या कोड्यांची रीत अशी कीं, सूचकवाक्याला दोनतीन शब्द सारखेच लागू पडावे, आणि आयोजकानें आधींच ठरवून ठेवलेल्या उत्तराशीं जुळेल त्याला पैसे मिळावे. ‘हिच्या नादानें घरें बुडालीं’ एवढेंच वाक्य द्यावें, शेवटचें अक्षर ‘डी’ भरून ठेवावें. मग ताडी, माडी, साडी, गाडी यांपैकीं कोणती बुडविणारी हें आयोजकाच्या लहरीवर! १९५५ मध्यें संसदेनें बक्षीस-स्पर्धांचा कायदा करून महिन्याच्या बक्षिसाला एक हजार रुपयांची व प्रवेशपत्रांना दोन हजारांची मर्यादा घातली. १९५७ मध्यें चमारबागवाला खटल्यांत न्यायालयानें ठरविलें कीं, ज्या स्पर्धेंतील यश बव्हंशीं कौशल्यावर अवलंबून नाहीं ती जुगारांत जमा होय. न्यायमूर्तींनीं मॅक्नटच्या पंथाचें नांवहि घेतलें नाहीं. तथापि उत्तर एकच असावें आणि तें बुद्धीनें गांठतां यावें, ही कसोटी तीच. अन्याय्य कोडें म्हणजे जुगार, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणें एकाद्या टीकाकारानेंहि सांगितलेली माझ्या पाहाण्यांत नाहीं.

मग गूढ कोडें मराठींत कां रुजलें नाहीं? भाषा असमर्थ म्हणून खचित नव्हे. ज्याच्या नांवांतच ‘म’ आहे अशा नायकाचें चरित्र ओष्ठ्य वर्ण वगळून गाणारें ‘निरोष्ठ रामायण’ मोरोपंतांनीं याच भाषेंत रचलें. अडचणी निराळ्या आहेत. इंग्रजींत कोड्याच्या एका घरांत एक वर्ण बसतो, मराठींत सबंध अक्षर. आठ निरनिराळ्या वर्णांचा इंग्रजी शब्द ४०,३२० प्रकारांनीं मांडतां येतो. तीन अक्षरांचा मराठी शब्द अवघ्या सहा. म्हणून अक्षरें विस्कटण्याची युक्ति मराठींत लवकर उघडी पडते. दुसरें, आमचीं नामें विभक्तींत रूप पालटतात. ‘नलाच्या’ म्हटल्यावर प्रत्यय व सामान्यरूप बाजूला सारून ‘नल’ घ्यावयाचा, हा संकेत अगोदर ठरवावा लागतो. तिसरें, लेखनाचे नियम. ‘विकतां येत नाहीं’ यांतील ‘विकतां’ जुन्या पद्धतीनें अनुस्वारयुक्त असल्यामुळें तेथें ‘कविता’ निघावयाची नाहीं. १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हां निघूं लागली. उलट आमच्याजवळ स्वतःचीं साधनेंहि आहेत : सा, रे, ग, म, प, ध, नी हे सात स्वर प्रत्येकीं एक अक्षर देतात, ‘सा’पुढें फळाचा ‘गर’ ठेवला कीं ‘सागर’ होतो. श्लेषाची व पदच्छेदाची तर आमची परंपराच. तेव्हां मराठी कोडें इंग्रजीची नक्कल करून उभें राहाणार नाहीं. तें समागता आणि वंचिता यांच्याच वाटेनें गेलें पाहिजे.

परंतु याहून मोठा लाभ टीकेचा आहे. मर्ढेकरांच्या ‘कांहीं कविता’ १९४७ मध्यें प्रसिद्ध झाल्या तेव्हांपासून दुर्बोधतेचा वाद मराठींत अधूनमधून पेटतो. एक पक्ष म्हणतो, कळत नाहीं म्हणून वाईट; दुसरा म्हणतो, कळत नाहीं हा वाचकाचा दोष. हा वादहि जुनाच. टीकेवांचून न कळणारें काव्य म्हणजे मंदबुद्धींचा घात, म्हणून भामह हळहळला. आपलें काव्य टीकेनेंच कळावें, मंदबुद्धि मेले तरी बेहत्तर, असें भट्टीनें अभिमानानें सांगितलें. दोघांनींहि विचार केला तो वाचकाच्या बुद्धीचा. विचारावयास हवें होतें तें लेखकाच्या प्रामाणिकपणाविषयीं : अर्थ लावण्याचीं साधनें त्यानें आपल्या शब्दांत ठेवलीं आहेत कीं नाहींत? अर्थ लागल्यावर प्रत्येक शब्दाचा हिशेब लागतो कीं कांहीं शब्द केवळ धुकें वाढविण्यासाठीं आहेत? कविता म्हणजे कोडें नव्हे, तिला एकच उत्तर नसतें, हें मी जाणतों. तरीहि हे दोन प्रश्न कवितेला विचारतां येतात. जी कविता त्यांना उतरते ती कितीहि कठीण असो, ती वाचकाला आपल्या बरोबरीचा मानते. जी उतरत नाहीं ती मात्र वाचकाशीं जुगार खेळत असते, आणि उत्तराचा लखोटा तिच्या कर्त्यानें आपल्याच खिशांत ठेवलेला असतो.