डोंबाऱ्याच्या पोरीचे युद्ध : ‘राजी’च्या बाजूने

‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने घडविलेला, एकट्या खेळाडूने खेळावयाचा युद्धप्रधान संगणकीय खेळ २०२० साली प्रकाशित झाला. त्याची चर्चा वाङ्मयसमीक्षेच्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवेल. त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील उत्पत्तिकथेत देव ब्रह्मदेवाकडे मागणी करतात ती एका क्रीडनीयकाची, म्हणजे दृश्य आणि श्राव्य अशा खेळण्याची. नाट्याचा विचार जेथून सुरू झाला तेथे ‘खेळ’ ही संकल्पना हीन मानलेली नव्हती. कथा, चित्र, संगीत आणि कृती यांचे जे संमिश्र रूप आज संगणकाच्या पडद्यावर सिद्ध होत आहे, त्याला समीक्षेची कसोटी लावणे हे म्हणूनच आपल्या कक्षेबाहेरचे काम नव्हे.

‘राजी’चे स्वागत कौतुकाने झाले, पण ते कौतुक अर्धे होते. पहाडी लघुचित्रशैलीची रंगयोजना, राजस्थानी व बालीद्वीपीय वास्तुशैलींच्या मिश्रणातून उभी केलेली नगरे, छायाबाहुल्यांच्या शैलीतील कथादृश्ये यांची वाखाणणी झाली. त्याच दमात असेही सांगण्यात आले की, यातील युद्ध ढिले आहे, कालावधी तोकडा आहे आणि शेवट अर्ध्यावर तुटलेला आहे. या मताचे सार ‘दिसावयास देखणा, खेळावयास सामान्य’ असे सांगता येईल. प्रस्तुत लेखकाच्या मते या निष्कर्षामागे एक जुनाच सैद्धांतिक घोटाळा आहे. अभिव्यक्ती म्हणजे आशयावर चढविलेला अलंकार, ही समजूत मराठी समीक्षेने कवितेच्या संदर्भात कधीच मोडीत काढली. येथे तीच समजूत उलट्या दिशेने परतली आहे : युद्ध हा खेळाचा गाभा, आणि चित्र, वास्तू व कथा ही त्यावरची रंगरंगोटी.

मुळात येथे युद्ध करते कोण, हे पाहिले पाहिजे. राजी ही राजकन्या नाही, योद्ध्याची मुलगी नाही. जत्रेत कसरतीचे खेळ करून पोट भरणाऱ्या दोन अनाथ भावंडांपैकी ती मोठी. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर डोंबाऱ्याची पोर. असुरांचा हल्ला होतो, धाकटा भाऊ गोलू पळविला जातो, आणि महाबलासुराशी लढण्यासाठी देवता या मुलीची निवड करतात. तिच्या हाती त्रिशूळ येतो, धनुष्य येते. पण शस्त्र दैवी असले तरी शरीर डोंबारणीचेच राहते. ती भिंतीवर पाय रोवून उलटी झेप घेते, खांबाला धरून गिरकी घेते आणि त्या गिरकीतून प्रहार करते. युद्धाची भाषा तिने कोणत्याही गुरुकुलात शिकलेली नाही. पोटासाठी शिकलेल्या कसरतीचेच तिने युद्ध केले आहे. नायिकेचा सामाजिक स्तर येथे संवादांतून सांगितला जात नाही, तो हालचालीतून प्रकट होतो. याला जर आशय आणि अभिव्यक्ती यांची एकात्मता म्हणावयाचे नाही, तर त्या संज्ञेला अर्थ उरणार नाही.

वऱ्हाडातील वाचकाला हे समजावयास फार सायास पडू नयेत. अमरावतीच्या ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली, ते याच भूमीतले. मल्लखांबावरचा खेळाडू ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे ठाऊक असते की, खांब हा तेथे अडथळा नसतो आणि प्रतिस्पर्धीही नसतो. तो जोडीदार असतो. ‘राजी’तील रणांगणांत उभे केलेले खांब शोभेसाठी आहेत असे समजून जो केवळ शत्रूवर त्रिशूळ चालवीत राहील, त्याला हे युद्ध एकसुरी वाटणारच. जो खांबाकडे जाईल त्याला त्यातील लय सापडेल. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या विवेचनात संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन लयतत्त्वे सांगितली. त्यांतील विरोध येथे दैवी शस्त्र व पोरसवदा देह यांच्यात आहे, आणि समतोल हा तर डोंबारणीचा व्यवसायच आहे.

प्रतिकूल समीक्षेची दुसरी अडचण निकषांची आहे. ‘गॉड ऑफ वॉर’ (२००५) या ग्रीक पुराणाधारित खेळाने आणि त्याच्या वंशजांनी प्रहाराला ‘वजन’ असले पाहिजे, असा दंडक रूढ केला. त्या खेळाचा नायक देवांवर सूड उगविणारा सेनानी आहे. त्याच्या प्रत्येक घावात क्रौर्याचा भार असणे उचितच आहे. भावाला शोधणाऱ्या मुलीच्या घावात तोच भार शोधणे म्हणजे लावणीत पोवाड्याचा आवेश नाही म्हणून तक्रार करणे होय. अर्थात, आज्ञा आणि हालचाल यांच्यामध्ये जेथे विनाकारण विलंब घडतो, तेथे तो दोषच होय. समर्थकाने प्रत्येक वैगुण्याला गुणाची वस्त्रे नेसवू नयेत.

म्हणूनच शेवटाबद्दलची तक्रार मान्य केली पाहिजे. महाबलासुराशी गाठ पडल्यानंतर कथा ज्या रीतीने थांबते, तो सूचक शेवट नव्हे. ते खंडन आहे. त्याच्या समर्थनार्थ निर्मितीतील हालअपेष्टांचा दाखला दिला जातो. २०१७ साली लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोहोचला नाही, हे खरे. परंतु कृतीच्या मूल्यमापनात कर्त्याचे कष्ट आणू नयेत, हा नियम आपण कादंबरीला लावतो तर येथेही लावला पाहिजे. मात्र अपुरेपणा आणि सामान्यपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. अपुऱ्या राहिलेल्या कृती आपल्या वाङ्मयेतिहासात कमी नाहीत. त्यांना आपण सामान्य म्हणत नाही.

देशीवादी भूमिकेतून आणखी एक आक्षेप घेता येईल : राजस्थान, हिमालयाचा पायथा आणि बाली यांची ही खिचडी कोणत्या भूमीची? यात बालीची रंगदा ही चेटकीण शत्रू म्हणून येते, ती का? याचे उत्तर असे की, ज्या कथापरंपरेचा हा खेळ वारस आहे ती स्वतःच समुद्र ओलांडून गेलेली आहे. जावा-बालीतील रामकथा व महाभारत ही मूळ कथेची विटंबना आहे असे आपण मानत नाही. ‘राजी’तील भूगोल नकाशावरचा नाही; तो प्रवास केलेल्या कथेचा भूगोल आहे.

परंतु या खेळावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मला कोणत्याही परीक्षणात आढळला नाही. तो मी सेमाडोहला ऐकला. सिपनेच्या काठी विद्यार्थ्यांचे अभ्यासशिबिर होते. रात्री एकाने संगणकावर ‘राजी’ लावला आणि सारे भोवती जमले. एक कोरकू विद्यार्थी बराच वेळ निमूटपणे पाहत होता. शेवटी त्याने विचारले, “सर, यात असुरांची गोष्ट कोण सांगते?”

मेळघाटातील या प्रश्नाला वजन आहे. कोरकूंच्या उत्पत्तिकथेत सातपुड्याचा डोंगर ओसाड पाहून तेथे माणसे वसवावीत अशी विनंती महादेवाला करतो तो रावण. त्यानंतर वारुळाच्या तांबड्या मातीतून मुला आणि मुलाई हे आदिम जोडपे घडते. होळीच्या दिवसांत मेघनाथाची पूजा होते. ज्या समाजाच्या अस्तित्वाचे श्रेय रावणाच्या विनवणीला आहे, त्याच्या दृष्टीने ‘असुर’ ही शत्रूची सामान्यवाचक जात असू शकत नाही. ‘राजी’त मात्र असुर केवळ मारले जाण्यासाठी येतात.

याला खेळापाशी अर्धे उत्तर आहे. ही कथा तटस्थ निवेदक सांगत नाही. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून ती उलगडते. म्हणजे निवेदक युद्धातील एका पक्षाचेच आहेत, आणि ही पक्षपाती दृष्टी संहितेने लपविलेली नाही. शिवाय त्यांनी निवडलेली मुलगी गावकुसाबाहेरची आहे; देवांचे युद्ध लढताना तिला हवा आहे तो केवळ आपला भाऊ. देवांचे प्रयोजन आणि तिचे प्रयोजन यांतील हे अंतर म्हणजे संहितेतील एक फट आहे. त्या फटीतून दुसरी बाजू ऐकू येऊ शकली असती. खेळाने तेथे कान दिला नाही. उरलेले अर्धे उत्तर त्याच्यापाशी नाही, हे त्याच्या समर्थकानेही लपवू नये.

तरीही या प्रश्नामुळे ‘राजी’ची किंमत माझ्या लेखी वाढली. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले, आणि हा खेळ आपल्या प्रदेशातील मुलांच्या कानांच्या अधिक जवळ गेला. परीक्षकांनी त्याला विचारले, तू किती तास चालतोस, आणि तुझा घाव किती जोरकस आहे? सेमाडोहच्या विद्यार्थ्याने विचारले, तू कोणाच्या बाजूने बोलतोस? पहिले प्रश्न बाजारातल्या वस्तूला विचारले जातात, दुसरा कलाकृतीला. ज्या कृतीला तो विचारता येतो आणि जिच्यात त्याचे निदान अर्धे उत्तर सापडते, तिला सामान्य म्हणून बाजूला सारण्याचा अधिकार समीक्षेला नाही. उरलेले अर्धे उत्तर देणारा खेळ कदाचित सातपुड्यातूनच कोणी घडवील. तो घडला तर त्याची पहिली पायरी ‘राजी’च्या खांबांपाशी आढळेल.