रॉक संगीत आणि दूरचा श्रोता

रॉक संगीताचें नांव काढतांच आमच्या सुशिक्षित घरांतून दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. वडील मंडळी म्हणतात, 'तो निव्वळ गोंगाट आहे'. मुलें म्हणतात, 'तें आतां जुनें झालें'. या दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. ती ही कीं, दोघांनींहि तें संगीत पुरतें ऐकलेलें नसतें. आम्ही सोलापुरांत राहून गेलीं चाळीस वर्षें हें संगीत आवडीनें ऐकत आलों आहों, आणि त्याचे थोडेबहुत जलसेहि प्रत्यक्ष अनुभवले आहेत. तेव्हां या कलेचें स्वरूप काय, तिचा मोठेपणा कशांत आणि तिचें उणें कोठें, याविषयींचे आमचे विचार वाचकांपुढें ठेवावे असें वाटतें. कोणास आमच्या पंथास लावण्याचा यांत हेतु नाहीं.

पहिला आक्षेप दूरत्वाचा. लंडनकडील कला सोलापुरांत बसून कॅसेटवर ऐकणें म्हणजे पंगतीस न बसतां वासावर समाधान मानणें होय, असें आमचे एक गानप्रेमी स्नेही म्हणत असत. त्यांच्या संस्कारास धरून तें बरोबरच होतें. आपल्या ख्यालगायनांत मैफल ही मूळ वस्तु आणि तबकडी ही तिची छाया. 1902 च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गोहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, त्या काळापासून आपल्या गवयांना तासाभराचा राग घडी घालून तीन मिनिटांत बसवावा लागला. ऐकणारासहि ठाऊक असे कीं, ही केवळ ओळख आहे, भेट नव्हे.

रॉक संगीतांत हें नातें उलटें झालें आहे. 'बीटल्स' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या चौघा इंग्रज तरुणांनीं 29 ऑगस्ट 1966 रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें आपल्या दौऱ्यांतील शेवटचा जलसा केला, आणि पुढील वर्षीं 'सार्जंट पेपर' ही तबकडी प्रसिद्ध केली. चार पट्ट्यांच्या मुद्रणयंत्रावर एकावर एक आवाज चढवून, एका गाण्यास तर चाळीस वादकांचा ताफा जोडून त्यांनीं जी वस्तु सिद्ध केली, ती चौघांनीं रंगमंचावर उभें राहून वाजवावी अशी नव्हतीच. येथें तबकडी ही जलशाची नक्कल नसून तीच मूळ कृति होय. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी पुण्यांत वाचली काय किंवा सोलापुरांत वाचली काय, कादंबरी तीच राहते. तसेंच हें आहे. आमच्या वांट्यास आलें तें उष्टें नव्हतें; पूर्ण पान होतें. दूरच्या श्रोत्यास इतका पूर्ण हक्क देणारें संगीत त्यापूर्वीं क्वचितच झालें असेल.

दुसरा आक्षेप भाषेचा. गाण्याचे शब्दच नीट कळत नाहींत तर आनंद कसला, असें विचारणारास आम्ही आमच्याच शहराकडे बोट दाखवूं. सोलापुरांत पूर्वभागांतील विणकरांच्या घरांत तेलुगु, बाजारांत कानडी, शेजारीं उर्दू आणि शाळेंत मराठी, असें ऐकत मूल वाढतें. ज्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेस जानेवारींत सारें शहर लोटतें, त्यांचीं वचनें कानडींत आहेत. म्हणून मराठी घरांतील भाविक कांहीं यात्रेस जाण्याचा राहत नाहीं. अर्ध्या समजलेल्या भाषेंतील पूर्ण समजलेला सूर हा आमच्या कानांना परका नव्हे. तथापि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रॉकमधील पुष्कळशी पदें वाचावयास घेतलीं तर अगदीं सामान्य ठरतात, आणि गिटारच्या कर्कश हातचलाखीखालीं त्यांचें सामान्यपण झांकण्याची खोड या कलेंत फार आहे. चांगल्या गाण्यांत मात्र शब्द, ठेका आणि गिटार हीं एकमेकांस जागा देतात. तें ओळखावयास वारंवार ऐकण्यावांचून उपाय नाहीं.

असें वारंवार ऐकणें आम्हांस परिस्थितीनेंच शिकविलें. आमच्या विद्यार्थिदशेंत एक कॅसेट चार मित्रांत फिरे. फीत सैल झाली कीं पेन्सिल घालून ती गुंडाळावी, गाण्यांचीं नांवें हातानें लिहून घ्यावीं, आणि दुसरी कॅसेट मिळेपर्यंत तीच ऐकावी, असा क्रम चाले. पिंक फ्लॉइड या मंडळीची 1973 सालची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही कृति आम्हीं याच रीतीनें पाठ केली. तिचीं गाणीं सुटीं नाहींत. एक दुसऱ्यांत मिसळत जातें, आणि सुमारें 43 मिनिटांत काळ, पैसा, वेड व मृत्यु यांचा एकच विचार पुरा होतो. रॉक संगीतास कला म्हणावें कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर आम्ही या एका कृतीवर सोपविण्यास तयार आहों.

येथें वाचक विचारतील कीं, तबकडीच जर मूळ कृति, तर जलशास जावयाचें कशासाठीं? हा प्रश्न आम्हांसहि पडला होता. 2007 च्या फेब्रुवारींत त्या मंडळींतील एक प्रमुख रचनाकार रॉजर वॉटर्स मुंबईस आले, आणि त्यांनीं हीच कृति आरंभापासून अखेरपर्यंत क्रमानें सादर केली. आम्ही रात्रीच्या गाडीनें मुंबई गांठली. ऐकावयास मिळालें तें सारें परिचयाचेंच होतें. नवीन होता तो भोवतालचा समुदाय. पुढचा सूर कोणता हें हजारों माणसांना एकाच क्षणीं ठाऊक होतें, आणि तो सूर येण्यापूर्वींच त्यांच्यांतून एक हुंकार उठत होता. वीस-वीस वर्षें जें आपण खोलींत एकट्यानें ऐकलें, तें इतक्या लोकांनीं इतक्या खोल्यांत एकट्यानेंच ऐकलें होतें, हा बोध तबकडी देऊं शकत नाहीं. जलसा गाण्यांत भर घालतो असें नाहीं. तो श्रोत्यांना एकमेकांच्या ओळखीचे करतो.

ज्यांच्या आज्यापणज्यांनीं बालगंधर्वांच्या पदास 'वन्स मोअर' दिला, त्यांना हें चमत्कारिक वाटण्याचें कारण नाहीं. 'सौभद्रा'चीं पदें प्रेक्षकांना तोंडपाठ असत, आणि तीं पाठ असत म्हणूनच ते नाटकास जात. भेद आहे तो पुढें. संगीत नाटकांतील नट दुसऱ्या खेपेस तेंच पद निराळ्या जागा घेऊन गाई, आणि प्रेक्षकांची अपेक्षाहि तीच असे. रॉकच्या श्रोत्यास पुष्कळदां तबकडीबरहुकूम तेंच हवें असतें, आणि गायकहि तेंच देतो. जी तबकडी या कलेची थोरवी, तीच अशा वेळीं तिची बेडी होते, हें आमच्या मतें या संगीताचें सर्वांत मोठें उणें आहे.

यांतून वाट काढणारेहि झाले. पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकलेला पारशी मुलगा फरुख बलसारा पुढें फ्रेडी मर्क्युरी या नांवानें 'क्वीन' या मंडळीचा गायक झाला. त्याचे सहकारी ब्रायन मे यांनीं 1977 सालीं एक गाणें असें रचलें कीं, त्यांतील ठेका प्रेक्षकांनींच पायांनीं व टाळ्यांनीं द्यावा. श्रोत्यासाठीं रचनेंतच जागा ठेवण्याची ही युक्ति आपल्या कीर्तनकारास नवी वाटणार नाहीं. 13 जुलै 1985 रोजीं लंडनच्या वेंब्ली मैदानावर सुमारें 72 हजार लोकांपुढें मर्क्युरीला अवघीं वीसएक मिनिटें मिळालीं होतीं. तेवढ्यांत त्यानें नुसत्या आलापांनीं त्या समुदायास आपल्यामागें गावयास लावलें. त्या वेळचें चित्रण आजहि पाहतां येतें. गायक व श्रोते यांनीं मिळून एक वस्तु निर्माण करणें म्हणजे काय, हें त्यांत दिसतें.

परंतु समुदाय जमला म्हणजे श्रवण घडलेंच असें नाहीं. 1 ऑगस्ट 1971 रोजीं न्यूयॉर्क येथें बांगलादेशाच्या साहाय्यार्थ झालेल्या जलशांत पंडित रविशंकर व उस्ताद अली अकबर खां यांनीं वाद्यें नुसतीं जुळविलीं, तोंच टाळ्यांचा कडकडाट झाला. जुळणीच इतकी आवडली तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असें पंडितजींनीं हंसत सांगितलें. आपल्याकडे ही गोष्ट पाश्चात्त्य श्रोत्यांना हिणविण्यासाठीं सांगतात. आम्हांस तींत उलट धडा दिसतो. ज्यांचा कान तयार नव्हता त्यांनीं निदान सद्भावानें टाळ्या तरी दिल्या. आपण कान तयार नसतां 'गोंगाट' म्हणून दार लावून घेतों.

आतां या कलेपुढें खरें संकट आहे तें निराळेंच. मुंबईच्या रंगभवनांत 1980 सालीं 'द पोलिस' ही इंग्रज मंडळी गाऊन गेली, आणि पुढें तेथेंच आपल्याकडील तरुणांचे जलसे भरत. शांतता-क्षेत्राच्या नियमांमुळें तें खुलें नाट्यगृह या कामीं बंद पडलें, आणि जलसे अवाढव्य मैदानांकडे गेले. 2025 च्या जानेवारींत नवी मुंबईस 'कोल्डप्ले'चे तीन कार्यक्रम झाले. त्यांच्या तिकिटांच्या काळ्या बाजाराची चर्चा वर्तमानपत्रांतून आधींच गाजली होती. पूर्वीं कॅसेट मिळविण्यास कष्ट पडत. आज तींच गाणीं मोबाइलवर जवळजवळ फुकट मिळतात, आणि मोल चढलें आहे तें हजर राहण्याचें. त्यामुळें जलसा ऐकण्यापेक्षां आपण तेथें होतों याचा पुरावा गोळा करण्याकडे मन ओढतें. हजारों हात फोन उंचावून उभे असले म्हणजे एकमेकांस ओळखावयाचें कोणीं? इकडे घरींहि सर्व गाणीं हाताशीं असून एक कृति सलग ऐकणें होत नाहीं. जी कला दूरच्या श्रोत्याच्या एकाग्रतेवर उभी राहिली, तिचा पायाच अशानें खचतो.

यावर आमची सूचना लहानशी आहे. एखाद्या रविवारीं संध्याकाळीं घरांतील मोबाइल दुसऱ्या खोलींत ठेवावे, मध्यम आवाजांत ती 43 मिनिटांची कृति लावावी, आणि वडिलांनीं व मुलांनीं एकत्र बसून मध्यें न बोलतां ती शेवटपर्यंत ऐकावी. विलंबित ख्याल रंगेपर्यंत जो धीर आपण गवयास देतों, तेवढाच येथें द्यावा. त्यानंतर वडिलांनीं तिला गोंगाट म्हटलें आणि मुलांनीं जुनी म्हटली, तरी आमची तक्रार नाहीं. मग तें मत ऐकून दिलेलें असेल.