कुमारी माता : एका शब्दाची उलटतपासणी

यवतमाळ जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला झरी जामणी हे नाव ठाऊक असेल, तर ते बहुधा दोन शब्दांच्या सोबतीनेच : कुमारी माता. तेलंगणाला लागून असलेला हा तालुका. कोलामांचे पोड, गोंडांच्या वस्त्या, कापसाची शेते, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंनी ये-जा करणारे ठेकेदार, व्यापारी, ट्रकवाले. महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदलेल्या जमाती तीनच. कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. या पोडांतल्या मुलींना नादी लावून, लग्नाचे आमिष दाखवून, मूल पदरात टाकून निघून गेलेल्या पुरुषांची कहाणी विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत अनेकदा मांडली गेली. सर्वेक्षणे झाली, याद्या झाल्या, आकडा नेमका किती यावर भांडणेही झाली. ज्या शब्दाखाली हे सारे मोजले गेले, त्याच्याकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही.

मी वकील नाही, प्राध्यापकही नाही. कात्रणे जमवायची, निकालपत्रे मिळतील तशी वाचायची, एवढाच माझा अभ्यास. पण कथा-कवितेची समीक्षा करताना आपण शब्दाला जे प्रश्न विचारतो, ते सरकारी कागदातल्या शब्दाला का विचारू नयेत, हे मला आजवर कळलेले नाही.

‘कुमारी माता’ हा शब्द काय सांगतो? बाईचे लग्न झालेले नाही आणि तिला मूल आहे. बस्स. तिचे वय सांगत नाही. मुलाचा बाप कोण, तो सांगत नाही. जे घडले ते कोणी केले, हेही सांगत नाही. दोन्ही पदे तिच्याच अंगावर. हा प्रकार जुना आहे. धर्मशास्त्रांनी पुत्रांचे बारा प्रकार सांगितले, त्यांत अविवाहित मुलीच्या पोटी आलेल्या पुत्राला ‘कानीन’ म्हटले. म्हणजे मूलसुद्धा ओळखायचे ते आईच्या कुमारीपणावरून. कुंतीच्या कथेत निदान सूर्याचे नाव तरी आहे. पोडावरच्या कथेत ठेकेदाराचे नाव घ्यायची सोय या शब्दाने ठेवलेली नाही.

आता हाच शब्द कायद्यासमोर उभा करू. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, म्हणजे बोलीतला पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील कोणीही त्याच्या लेखी बालक. तिची संमती होती की नव्हती, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. ती विवाहित की अविवाहित, हाही नाही. दंडसंहितेत नवऱ्याला दिलेली सवलत पंधरा ते अठरा वर्षांच्या पत्नीपुरती सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालाने काढून टाकली. तेव्हा मुलगी सोळा वर्षांची असेल तर ‘कुमारी’ या विशेषणाला कायद्यात कवडीची किंमत नाही. जे विशेषण कायद्याला नको, तेच आपल्या योजनांच्या, बातम्यांच्या आणि भाषणांच्या मथळ्यावर बसले आहे.

यातून नुसती बदनामी होत नाही, व्यवहारात फरक पडतो. ‘कुमारी माता’ म्हटले की पुढचा शब्द आपोआप येतो, पुनर्वसन. शिलाई यंत्र, धान्य, घरकुल. ‘अत्याचार झालेले बालक’ म्हटले असते तर पुढचा शब्द आला असता, गुन्हा नोंद. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा. मग कुमारी मातांची यादी करणाऱ्याने वयाच्या रकान्यात सतरा लिहिले, किंवा वीस वर्षांच्या मुलीपुढे चार वर्षांचे मूल लिहिले, की त्याच क्षणी त्याच्यावर ही जबाबदारी आली. अर्थात २०१२ पूर्वीच्या घटनांना हा कायदा लागणार नाही, आणि यादीतली प्रत्येक स्त्री घटनेच्या वेळी अठराच्या आत होती असेही नाही. पण ज्या होत्या, त्यांना या एका शब्दाने प्रौढ स्त्रियांच्या रांगेत उभे केले. ‘त्यांच्यात चालतं असं’ हे वाक्य मी शिकल्यासवरलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. कायद्यात रूढीची अशी पळवाट नाही.

दिल्लीत शब्दांचा विचार सुरू झाला आहे, हे मान्य करायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश-वकिलांसाठी एक पुस्तिका काढली; कोणते शब्द टाळावेत आणि त्याऐवजी काय लिहावे, याची यादीच तीत आहे. ‘बालवेश्या’ म्हणू नका, जिचा व्यापार केला गेला असे बालक म्हणा. ‘कुमारी माता’ या अर्थाचा इंग्रजी शब्दही त्या यादीत आहे आणि त्याला पर्याय दिला आहे नुसता ‘आई’. प्रौढ स्त्रीसाठी तो योग्यच. पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र नुसते आई म्हणून भागत नाही. कलंक पुसताना गुन्हाही पुसला जातो. त्यापेक्षा मला २३ सप्टेंबर २०२४ चा निकाल अधिक मोलाचा वाटतो. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्द न्यायालयांनी वापरू नये, त्याऐवजी बालकांच्या लैंगिक शोषणाचे व अत्याचाराचे साहित्य असे म्हणावे, आणि संसदेने कायद्यातही तसा बदल करावा, असे त्यात आहे. जुन्या शब्दाने चित्र अश्लील ठरत होते. नव्या शब्दाने ते चित्र म्हणजे एका मुलावर झालेल्या अत्याचाराची नोंद ठरते.

आपल्याकडे या सुधारणा पोचतात त्या भाषांतर होऊन, आणि भाषांतर करणारे संस्कृतकडे धावतात. ‘बालगुन्हेगार’ गेला आणि ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आला. हेतू चांगला, पण ज्या बापाच्या मुलाला पोलिसांनी नेले त्याला तो शब्द उच्चारता येत नाही, मग समजणे दूरच. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातल्या तिसऱ्या कलमात एक तत्त्वच आहे, की बालकाविषयीच्या कामकाजात दोषारोप करणारे शब्द नकोत. बोजड शब्द आणा, असे त्यात कुठेही नाही.

उलट आपल्या कायद्याच्या मराठीत आधीपासून बसलेले शब्द तपासायला हवेत. सातबाऱ्यावरचे ‘अ. पा. क.’ सगळ्या शेतकऱ्यांना माहीत आहे : अज्ञान पालनकर्ता. अठराच्या आतला तो ‘अज्ञान’. जमिनीच्या व्यवहारात ही अज्ञान मुलगी सही करू शकत नाही. उलटतपासणीत मात्र ती पुरती सज्ञान होते आणि तिला सगळे कळत होते असे सुचवले जाते. दुसरा शब्द पोलीस ठाण्यातला, ‘जबरी संभोग’. जबरी चोरीच्या धर्तीवर घडवलेला. पण चोरी मुळातच गुन्हा आहे, संभोग नाही. म्हणून गुन्ह्याचा सगळा भार ‘जबरी’वर येतो. मग झटापट झाली का, ओरडली का, अंगावर खुणा आहेत का? बालकाच्या बाबतीत कायदा यातले काहीच विचारत नाही. शब्द विचारतो.

या शब्दांनी काय केले, ते विदर्भाला नवे नाही. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. डॉक्टरांच्या अंदाजाने ती चौदा ते सोळा वर्षांची. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी आणि संभोगाला सरावलेली ठरवले. नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला. मुकाट शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हटले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना पुन्हा निर्दोष सोडले. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी १९७९ मध्ये उघड पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले, १९८३ मध्ये कायदा बदलला, आणि पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरले. गंमत म्हणावी की काय, तो खटला मात्र आजही त्या मुलीच्याच नावाने शिकवला जातो. निकालपत्रावरचे नाव आहे ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. तुकाराम हा आरोपींपैकी एक पोलीस. ते नाव वापरायला कोणाची हरकत होती?

माझ्या मते दोष नुसता नामांत नाही, क्रियापदांत आहे. ‘तिला दिवस गेले’, ‘गर्भ राहिला’, ‘तिच्यावर अत्याचार झाला’. मराठीला कर्ता गाळण्याची ही सोय फार लाभली आहे. या तुलनेत पोलिसांचे ते घासून गुळगुळीत झालेले वाक्य पाहा : अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले. आपण त्याला हसतो. पण तिथे कर्ता आहे. नाव माहीत नसले तरी इसम आहे आणि क्रिया त्याची आहे. जनावराच्या धन्याप्रमाणे ‘कायदेशीर रखवाली’ हा शब्दही त्यापाठोपाठ येतो, तो मला खटकतो. तरी सहानुभूतीने लिहिलेल्या ‘कुमारी मातांची व्यथा’पेक्षा हे रुक्ष वाक्य मुलीला अधिक न्याय देते.

म्हणून ‘कुमारी माता’ला प्रतिशब्द शोधायच्या खटपटीत मी पडत नाही. नाम नकोच, वाक्य लिहा : अमुक वयाच्या मुलीवर अमुक माणसाने अत्याचार केला, तिला मूल आहे. यादीच करायची तर नावापुढे घटनेच्या वेळचे वय, संशयिताचे नाव आणि गुन्हा नोंद क्रमांक, असे तीन रकाने हवेत. तिसरा किती ठिकाणी रिकामा राहतो, ते मग दिसेल.

आणि तिचे स्वतःचे शब्द? पॉक्सोची २५ आणि २६ ही कलमे सांगतात, की जबाब बालक बोलेल तसाच लिहावा. आपल्या ठाण्यांत तो कसा उतरतो? ‘मी समक्ष पोलीस स्टेशनला हजर येऊन तोंडी रिपोर्ट देते की, सदर इसमाने माझे इच्छेविरुद्ध’... पंधरा वर्षांची कोलाम मुलगी असे बोलत नाही. मराठी तिची घरची भाषाही नाही. कोलामी ही तेलुगू-गोंडीच्या कुळातली, द्रविड भाषा. इतिहासकार म्हणून आपण ओळखतो त्या सेतुमाधवराव पगडींनी निजामाच्या राज्यात अधिकारी असताना ती शिकून १९५० मध्ये तिचे व्याकरण छापले; एमेनो या अमेरिकन अभ्यासकाने वर्धा जिल्ह्यातली कोलामी ऐकून १९५५ मध्ये ग्रंथ काढला. भाषेची व्याकरणे होऊन सत्तर वर्षे उलटली. दुभाषाची सोय कायद्यातही आहे, जबाबासाठी कलम २६ मध्ये आणि न्यायालयासाठी ३८ मध्ये. झरी जामणी, मारेगाव, वणी, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतल्या ठाण्यांत कोलामी जाणणाऱ्या बायकांची नावे आणि फोन क्रमांक भिंतीवर लावायला नवा कायदा लागत नाही. मुलीने तिच्या भाषेत त्या माणसाला काय म्हटले, ते आधी तसेच लिहून घ्यावे. मराठी त्याच्याखाली लिहावी.